गळतीचा माग

द्रवपदार्थ आपली जागा सोडू लागला की मराठी भाषा त्याच्या प्रत्येक पायरीला वेगळे नाव देते. माठ पाझरतो, भिंतीत ओल झिरपते, नळ ठिबकतो, छप्पर गळते, फुटलेल्या पाटातून पाणी वाहून जाते. या क्रियापदांच्या क्रमात प्रमाण आहे, वेग आहे आणि काळजी केव्हा करावी याचा संकेतही आहे. पाझरणारा माठ चांगला समजला जातो. ठिबकणाऱ्या नळाकडे आठवडाभर दुर्लक्ष केले तरी चालते. गळणाऱ्या छपराखाली मात्र त्याच रात्री पातेले ठेवावे लागते.

वाहनदुरुस्तीच्या दुकानांतली बोली या बाबतीत ग्रांथिक मराठीपेक्षा काकणभर अधिक काटेकोर आहे. लोखंडाच्या अंगावर नुसता ओलसरपणा असेल तर 'घाम आला' म्हणतात. थेंब धरतो पण सुटत नाही, तेव्हा ते 'पाझरणे'. थेंब सुटून जमिनीवर डाग पडू लागला की गाडी 'तेल टाकते'. हे तीन शब्द म्हणजे रोगाच्या तीन अवस्था आहेत आणि प्रत्येकीचा उपचार वेगळा आहे. मराठीच्या अध्यापकाला हा शब्दसंग्रह एखाद्या कोशात सापडला असता तर आनंदच झाला असता. मला तो सापडला वाशीम जिल्ह्यातल्या एका टिनाच्या शेडमध्ये, आमच्या जुन्या जीपच्या ट्रान्स्फर केसखाली.

ट्रान्स्फर केस हा शब्द साहित्याच्या वाचकांना अपरिचित असण्याची शक्यता आहे, म्हणून दोन वाक्यांत सांगते. चारही चाकांना ताकद पुरवणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सच्या पाठीला एक ओतीव पेटी जोडलेली असते. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून या पेटीत येते आणि इथून तिची वाटणी होऊन एक दांडा पुढच्या आसाकडे व दुसरा मागच्या आसाकडे जातो. पेटीच्या आतले दातेरी चक्र तेलात बुडून फिरत असते. जुन्या जीपमध्ये हे तेल जेमतेम दीड लिटर, दुकानाच्या भाषेत 'नव्वद नंबरचे', मधासारखे दाट आणि गंधकाचा उग्र वास असलेले. फिरणारे दांडे पेटीच्या भिंतीतून जिथे बाहेर पडतात तिथे रबराच्या ओठाची एक कडी बसवलेली असते. तिला ऑईल सील म्हणतात. आत तेल, बाहेर चिखल, मध्ये फिरता दांडा आणि त्याला टेकलेला तो पातळ ओठ: एवढ्यावर सारा कारभार चालतो.

आमच्या भागात अशा गाडीचे प्रयोजन समजावून सांगावे लागत नाही. वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. आता समृद्धी महामार्ग कारंजा-मालेगावच्या शिवारातून जातो. पण महामार्गापासून शेतापर्यंतची वाट अजून पांदणीतूनच जाते. पाऊस पडला की काळी माती चाकाला धरते, आणि मागच्या दोन चाकांवर चालणारी गाडी जागच्या जागी खड्डा खणत बसते. सोयाबीन काढणीच्या वेळी परतीचा पाऊस आला तर ज्याच्या घरी चारही चाके ओढणारी गाडी आहे त्याच्या दाराशी निरोपांची रांग लागते. या जीपचे मूळ घराणे अमेरिकेतल्या टोलिडो शहरातले. दुसऱ्या महायुद्धात विलीज-ओव्हरलँड कंपनीने ती सैन्यासाठी बनवली. पुढे १९४९ च्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू केली आणि नंतर अनेक दशके त्याच आराखड्याच्या जीपा आपल्या वनखात्यात, पाटबंधाऱ्यांवर, पोलीस ठाण्यांत आणि अखेर लिलावांतून शेतकऱ्यांच्या गोठ्याशेजारी पोहोचल्या. बाबांनी आमची जीप अशाच एका लिलावात घेतली होती.

२०१९ च्या पावसाळ्यात तिच्याखाली डाग पडू लागला. मध्यापासून किंचित मागे, तळहाताएवढा. बाबांनी गाडी तालुक्याच्या एका दुकानात नेली. तिथे मागचे सील बदलले. पंधरा दिवसांत डाग परत आला. पुन्हा सील बदलले, आणि या वेळी पेटीच्या सांध्यांवर बाहेरून सिलिकॉनचा जाड थर चोपडला. महिन्याभरात तिसऱ्यांदा तेच. सील म्हणजे फार खर्चाची वस्तू नव्हे. पण प्रत्येक खेपेला मागचा दांडा सोडवायचा, ब्रेकचा ड्रम उतरवायचा, दिवस मोडायचा. तिसऱ्या खेपेनंतर दुकानदाराने गाडी मोडीत काढण्याचा सल्ला दिला.

इथे ब्रेकचा उल्लेख सहज आलेला नाही. विलीजच्या घराण्यातल्या जुन्या जीपांमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी, दांड्यावरच्या एका लहान ड्रममध्ये बसवलेला असतो. म्हणजे मागचे सील गळू लागले की तेल आधी त्या ड्रममध्ये जाते आणि ब्रेकच्या अस्तरात मुरते. जमिनीवरचा डाग हा उरलेल्या तेलाचा. ऑक्टोबरात बाबांनी जीप शेताच्या उतारावर हँडब्रेक ओढून उभी केली आणि ते मजुरांना पाणी द्यायला खाली उतरले. जीप आपोआप मागे सरकू लागली आणि धुऱ्यावरच्या बाभळीला जाऊन अडली. त्या बाभळीखाली दहा मिनिटांपूर्वीपर्यंत कापणीच्या बाया जेवत बसल्या होत्या. कुणाला काही झाले नाही. पण त्या दिवसापासून तळहाताएवढ्या डागाकडे पाहण्याची आमच्या घराची दृष्टी बदलली.

त्यानंतर जीप ज्या मिस्त्रींकडे गेली ते वयाने बाबांच्याच बरोबरीचे. त्यांनी प्रथम पाना हातात घेतला नाही, प्रश्न विचारले. डाग गाडी चालवून आल्यावर पडतो की रात्रभर उभी राहिल्यावर? चढावर उभी असताना जास्त पडतो की सपाटीवर? उन्हाळ्यात गाडी किती दिवस बंद होती? नाल्याच्या पाण्यातून गेली का? बाबा उत्तरे देत होते आणि मी शेजारी उभी राहून, सवयीने, प्रश्नांचा क्रम मनात टिपत होते. बाबा म्हणाले, "सीलच खराब येते आजकाल." मिस्त्री म्हणाले, "भाऊ, तीन-तीन सीलं एकाच गाडीवर खराब निंगत नसतात. सील काहून फाटलं, ते पाहा लागते."

मग परीक्षा सुरू झाली. आधी द्रवाची ओळख. डागात बोट बुडवून त्यांनी ते चोळले, हुंगले. इंजिनाचे तेल काळे आणि पातळ, वास जळकट. ब्रेकचे तेल पाण्यासारखे, बोटाला बुळबुळीत, गाडीचा रंग खाणारे. ट्रान्स्फर केसचे तेल दाट, गंधकी. नाल्यातून गेलेल्या गाडीत ते ताकासारखे पांढरट होते, कारण तापलेली पेटी थंड पाण्यात शिरली की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढले जाते. आमचे तेल स्वच्छ होते. त्यानंतर पातळी. पेटीच्या बाजूला तेल भरण्याचा एक स्क्रू असतो. तो उघडून बोट आत घालायचे, तेल छिद्राच्या काठाशी लागले पाहिजे. यात एक साधा नियम त्यांनी मला सांगितला आणि तो आजच्या कोणत्याही महागड्या गाडीलाही लागू आहे: काढण्याचा खालचा स्क्रू उघडण्याआधी भरण्याचा वरचा स्क्रू उघडून पाहावा. वरचा गंजून अडकला असेल आणि खालून तेल सोडून दिले असेल, तर रिकाम्या पेटीची गाडी दुकानातच अडकून पडते.

पातळी कमी होती, हे अपेक्षितच. पण लगोलग त्यांनी गिअरबॉक्सची पातळीही पाहिली. विलीजच्या जुन्या रचनेत गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस एकमेकांना पाठ लावून बसलेले असतात, आणि मधल्या बेअरिंगमधून एकाचे तेल दुसऱ्यात जाऊ शकते. अशा वेळी जमिनीवर एकही थेंब न पडता एक पेटी कोरडी होते आणि दुसरी तुडुंब भरून आपल्या सीलांवर भार टाकते. डाग न पाडणारी ही गळती सर्वांत घातक. डाग शोधणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

आमचा गिअरबॉक्स ठीक होता. मग त्यांनी जे केले ते मला सर्वाधिक मोलाचे वाटते. पोराला सांगून त्यांनी सगळी पेटी डिझेलने धुतली, सिलिकॉनचा तो थर खरवडून काढला आणि पेटी कोरडी केली. नंतर चेहऱ्याला लावायची साधी पावडर तिच्यावर भुरभुरवली. बाबांना गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणायला सांगितले. गाडी परत आल्यावर बॅटरी घेऊन ते खाली शिरले. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट शाईने काढल्यासारखी उमटली होती. चालत्या गाडीखालचा वारा तेलाला मागे ढकलतो, गुरुत्व खाली ओढते. त्यामुळे जिथे थेंब लटकतो ती जागा उगमाच्या नेहमी खाली आणि मागे असते. उगम शोधायचा तर सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा पाहायची. "थेंब कुठी लटकते ते कोणीबी सांगन, मॅडम," ते म्हणाले, "पयली ओल कुठी हाये, ते पाहाचं."

पहिली ओल मागच्या सीलच्या ओठाशीच होती. म्हणजे आधीच्या दुकानाने जागा चुकीची धरली नव्हती. चुकले होते ते कारण. पेटीच्या माथ्यावर हवा जाण्यायेण्यासाठी एक बारीक नळकांडे असते, त्याला ब्रीदर म्हणतात. गाडी तासभर चालली की आतले तेल तापते, हवा फुगते आणि या वाटेने बाहेर पडते. आमच्या ब्रीदरची टोपी केव्हाच हरवली होती; उन्हाळ्यात दोन महिने गाडी शेडमध्ये उभी असताना कुंभारमाशीने त्या छिद्रात मातीचे घर बांधले होते. वाट बंद झालेली हवा सर्वांत दुबळी जागा शोधत होती, आणि ती जागा म्हणजे रबराचा तो ओठ. नवे सील घातले की काही दिवस ओठ ताठ राहायचा, मग हार मानायचा.

आणखी एक गोष्ट निघाली. सील ज्या गुळगुळीत पृष्ठभागावर टेकते तिथे मिस्त्रींनी नख फिरवले आणि मलाही फिरवायला लावले. नखाला बारीक चर लागली. वर्षानुवर्षे एकाच जागी घासून रबराच्या ओठाने पोलादावर ती कोरली होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या चरीतून नवे कोरे सीलही तेल सोडते. शिवाय दांडा हाताने हलवून पाहिला तर किंचित खेळ होता. बेअरिंग झिजले की दांडा डुलतो आणि डुलत्या दांड्यावर कोणताही ओठ नीट टेकत नाही. तात्पर्य, एका डागाला तीन कारणे होती आणि तिन्ही सीलच्या बाहेर होती. बेअरिंग बदलले, दांड्याचा खेळ बसवण्यासाठी शिम नावाचे पातळ पत्रे घातले, चरीवर पातळ पोलादी कडे चढवले, ब्रीदर तारेने मोकळे करून त्यावर नवी टोपी बसवली, तेलात भिजलेले ब्रेकचे अस्तर काढून नवे लावले आणि सर्वांत शेवटी, ओठाला तेलाचे बोट लावून, नवे सील बसवले.

आजच्या गाड्यांची रचना वेगळी आहे. काहींच्या ट्रान्स्फर केसमध्ये साखळी असते, काहींत लाल रंगाचे पातळ तेल लागते, काहींत पुढून निघालेला दांडा मागच्या आसाशी विजेवर चालणाऱ्या जोडणीने जुळतो. नेमके तेल कोणते हे त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. 'नव्वद नंबर'चा अनुभव तिथे उपयोगी पडत नाही. पण निदानाचा क्रम बदललेला नाही, उलट अधिक आवश्यक झाला आहे. पुष्कळ गाड्यांच्या पोटाखाली आता आच्छादन असते. तेल त्याच्यावर साचून भलत्याच कडेवरून टपकते. वातानुकूलनाचे निरुपद्रवी पाणीही तिथेच कुठेतरी पडते. आणि इंजिनाच्या तेलासाठी जसा लाल दिवा असतो तसा ट्रान्स्फर केससाठी बहुतेक गाड्यांत नसतो. पेटीचा घरघराट ऐकू येतो तेव्हा दातेरी चक्रांचे नुकसान होऊन गेलेले असते.

हे सारे मी या पृष्ठांवर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. पाठचिकित्सा शिकवताना जी गोष्ट वर्गात पटवून देणे मला नेहमी कठीण जाते ती त्या शेडमध्ये एका दुपारी डोळ्यांसमोर घडली, हे त्याचे एक कारण. हस्तलिखितात एखाद्या ओळीपाशी अर्थ अडतो. नक्कलकार सुबुद्ध असेल तर तो तिथल्या तिथे शब्द बदलून अर्थ बसवून देतो. मूळ बिघाड मात्र दोन ओळी वर, गळलेल्या एखाद्या अक्षरात असतो. आता मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर एक नवा, शहाणा दिसणारा दोष चढतो. सिलिकॉनचा थर हाच होता. त्याने गळती तर थांबली नाहीच, पण तिचा माग पुसला गेला. पुढच्या संपादकाला आधी ती दुरुस्ती खरवडावी लागते, मग पाठ दिसतो.

वाशीमकरांना यातली दुसरी बाजूही जवळची आहे. हे गाव म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. इथल्या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने चौथ्या शतकात 'हरिविजय' नावाचे प्राकृत महाकाव्य रचले. ते काव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धनाने केलेला त्याचा निर्देश, भोजादिकांच्या अलंकारग्रंथांतून आलेली त्यातली अवतरणे, एवढ्यावरून अभ्यासक त्याचे कथानक, पारिजातहरणाचा प्रसंग, जुळवत आले आहेत. पेटी नाहीशी झाली आणि थेंब तेवढे दूरदूरच्या जमिनीवर राहिले, असा हा प्रकार. अर्थात साम्य इथे संपते. मिस्त्री पेटी धुऊन, पावडर टाकून गाडी पुन्हा चालवून पाहू शकतात. आपल्याला चौथे शतक पुन्हा चालवून पाहता येत नाही. म्हणूनच संपादकाने आपल्या अनुमानांना अनुमानच म्हणावे, हा धडाही त्याच दुपारचा.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. महाविद्यालयांत 'गळती' हा शब्द आम्ही रोज वापरतो, तो विद्यार्थ्यांच्या संदर्भात. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला मुली कमी होतात. अहवालाच्या रकान्यात 'विवाह' किंवा 'आर्थिक अडचण' असे लिहिले जाते आणि उपाय म्हणून जादा तासिकांची योजना आखली जाते. जीपच्या दुरुस्तीनंतरच्या हिवाळ्यात मी आमच्या विभागाचे दोन वर्षांचे हजेरीपट काढले आणि नावांपुढे गावे लिहिली. एकाच रस्त्यावरच्या दोन गावांतल्या मुली दिवाळीनंतर, दिवस लहान झाल्यावर, एकामागून एक येईनाशा झाल्या होत्या. त्यांच्या शेवटच्या दोन तासिका दुपारनंतर होत्या आणि त्या आटोपून मिळणारी बस गावात अंधार पडल्यावर पोचत होती. काही महिने घरी बसलेल्या मुलीचे लग्न ठरते. रकान्यात नोंद होते ती लग्नाची. विवाह ही लटकलेल्या थेंबाची जागा होती. पहिली ओल वेळापत्रकात होती.

त्या तासिका सकाळी घेणे फार अवघड गेले नाही. सहकाऱ्यांनी थोडी कुरकुर केली, मग मान्य केले. पाच मुलींपैकी तिघी परत आल्या. दोघींची लग्ने तोवर झाली होती, आणि त्यांच्यासाठी कोणतेही वेळापत्रक आता उपयोगाचे नव्हते. उशिरा सापडलेल्या उगमाची किंमत कुणी तरी चुकती केलेलीच असते, हे मला त्या दोन नावांमुळे विसरता येत नाही.

जीप अजून आहे. मृगाच्या आधी बाबा ब्रीदरमध्ये तार फिरवून पाहतात, भरण्याचा स्क्रू उघडून बोटाने पातळी पाहतात आणि रात्री पेटीखाली पुठ्ठा अंथरतात. यंदा पुठ्ठा सकाळी कोरडा निघाला. सीलच्या कडेला तेवढा बारीक घाम होता. मी मिस्त्रींना फोन करून विचारले. ते म्हणाले, "तेवढा राहू द्या, मॅडम. जुन्या जीपचं सील पुरं कोरडं दिसलं, त आंदी आत तेल हाये का नाई ते पाहाचं."